टाक्याचा भाव



जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा 1870 साली आला, तो कापसासाठी. आजही आपल्या जिल्ह्यात कापसाला क्विंटलमागे काय भाव निघाला, हे पानटपरीवर उभा असलेला माणूसही सांगतो. त्या कापसाचं सूत होतं, सुताचं कापड होतं आणि ते फिरून चिखलीच्या नाहीतर मेहकरच्या एखाद्या घरात पायमशीनवर येतं. तिथे आलं की मात्र भावाचं बोलणं बंद पडतं. शिवणारी बाई संकोचते आणि शिवून घेणारी म्हणते, "घरचंच त काम हाय, तुले कुठी दुकानाचा किराया लागते?"

मी सकाळी शाळेत शिकवते आणि दुपारनंतर घरी बाळंतविडे शिवते. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट आणि सोबत एक लहान गोधडी. काम नाजूक आहे. कोरं कापड आधी भिजवून वाळवावं लागतं, नाहीतर पहिल्याच धुण्यात झबलं आटतं. बटण चालत नाही, बंद लावायचे. जरीची किनार कितीही शोभली तरी अंगाला लागेल अशी नको. आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची, कारण काखेत शिवण रुतली तर चार दिवसांचं बाळ सांगणार कसं? ते नुसतं रडतं, आणि घरातले त्याची दृष्ट काढतात.

गोधडीसाठी पुष्कळ जणी आजीचं जुनं लुगडं घेऊन येतात. ते आधी खिडकीशी उजेडापुढे धरायचं. जिथून उजेड आरपार येतो तो भाग विरलेला. बसायच्या बाजूचं कापड बहुधा आधी जातं, पदर टिकतो. विरलेलं आतल्या थरात घालायचं, धड असलेलं वर. मग थर जमिनीवर अंथरून, सुरकुती काढून, कडेपासून मध्यापर्यंत धावदोरा घालत जायचा. हा दोरा मशीनचा नको म्हणतात, हाताचाच हवा. बरोबरच आहे, हाताच्या टाक्याने गोधडी मऊ राहते. पण हाताच्या टाक्याला वेळ लागतो आणि तो कोणाच्याच हिशेबात नसतो.

आता हिशेबच मांडू या. समजा, बाळाच्या एका गोधडीला वरचं कापड, अस्तर, दोरा मिळून 220 रुपये लागले आणि ती 400 ला गेली. राहिले 180. कापणं, तुकडे जोडणं, धावदोरा, कडा दुमडणं, धुऊन इस्त्री करणं, सगळे मिळून दहा तास धरा. म्हणजे तासाला 18 रुपये. रोजगार हमीचा आपल्या राज्यातला 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये होता. आठ तासांनी भागलं तर तासाला 39. म्हणजे मातीकामावर जाणाऱ्या बाईच्या निम्मीही मजुरी आपण स्वतःला देत नाही, आणि वर म्हणतो, चला, घरखर्चाला हातभार लागला.

आईचे हे दहा तास सलग नसतात, ही आणखी एक गोष्ट. दूध उतू जातं, लेकीचा पाढा अडतो, दारात कुरिअरवाला उभा राहतो, नेमकी तेव्हाच बॉबीन संपते. तुटक वेळ हाही वेळच आहे. सुई जितका वेळ हातात होती, तेवढा वहीत मांडायचा.

मजुरी आधी ठरवायची हे काही नवं नाही. 1959 साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथल्या बायका मळलेलं पीठ घरी नेतात, पापड लाटून आणतात, आणि लाटण्याचा दर किलोमागे ठरलेला असतो. घरी लाटले म्हणून तो कमी होत नाही. मला त्या संस्थेच्या मोठेपणापेक्षा ही साधी व्यवस्था जास्त महत्त्वाची वाटते.

मशीन घ्यायची असेल तर एक माहिती. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत, त्यात शिवणकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत, आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत विनातारण कर्ज, 5 टक्के व्याजाने. कुटुंबातल्या एकालाच मिळतं आणि घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर मिळत नाही. बचत गटाचं कर्ज आहेच. पण कर्ज कुठूनही घ्या, भाव चुकीचा असेल तर हप्ता आपल्याच झोपेतून जातो.

मी आता दर कागदावर लिहून मशीनच्या वर चिकटवलेत. कापड तुमचं तर इतके, माझं तर इतके, हाताचा धावदोरा हवा तर वेगळे. निम्मे पैसे आगाऊ. घासाघीस होतेच, पण कागदाशी बायका जरा कमी भांडतात. कोणी उठून गेल्याही. राहिल्या त्यांनी जावा-बहिणींना पाठवलं. मार्चमध्ये परीक्षा असतात, शाळेच्याही आणि घरातल्याही. त्या महिन्यात नवं काम घेत नाही. तेही त्याच कागदावर आहे, आणि नणंदबाई आल्या तरी मी बोटाने तिकडेच दाखवते.