घडणावळ

(सिविक सेंटर, भिलाई येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमूर्त चित्रे रंगविणारा एखादा कलावंत स्वतःच्या हाताने दागिनेही घडवितो असे कानी आले, की आपल्यापैकी अनेकांच्या मनात शंका येते. चित्र ही कला आणि दागिना हा व्यवसाय, अशी विभागणी आपण फार काळ मनाशी धरून बसलो आहोत. चित्रकाराने सोनाराची हातोडी उचलली म्हणजे तो एक पायरी खाली उतरला, असे म्हणणारेही भेटतात. ही विभागणी कितपत खरी आहे, याचा विचार आज करावा असे आम्ही योजिले आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात सोन्याविषयी चार शब्द बोलणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम एक दूरचे उदाहरण घेऊ. अलेक्झांडर काल्डर (१८९८–१९७६) हा अमेरिकन कलावंत शिक्षणाने यांत्रिक अभियंता. म्हणजे एका अर्थी भिलाईकरांचाच व्यवसायबंधू. १९३० साली पॅरिसमध्ये तो मोंद्रियान या चित्रकाराच्या कार्यशाळेत गेला. पांढऱ्या भिंतींवर लावलेले रंगीत चौकोन पाहून तो इतका हलला, की काही दिवस त्याने केवळ अमूर्त चित्रेच रंगविली. नंतर तो पुन्हा तारेकडे वळला आणि त्यातूनच वाऱ्याने डोलणारी त्याची प्रसिद्ध टांगती शिल्पे जन्मली. चित्रे मात्र त्याने अखेरपर्यंत सोडली नाहीत. याच हातांनी त्याने आयुष्यात सुमारे १,८०० दागिने घडविले. सोने क्वचितच, बहुतेक काम पितळेच्या आणि चांदीच्या तारेचे. तार ठोकून चपटी करावयाची, तिचे वेटोळे वळवावयाचे आणि शक्य तेथे डाक न लावता वाकवून किंवा रिवेट मारून तुकडे जोडावयाचे, ही त्याची रीत. हातोडीच्या खुणा तो पुसत नसे. १९५५ साली तो अहमदाबादेस साराभाई कुटुंबाकडे राहावयास आला, तेव्हा तेथेही त्याने शिल्पांबरोबर दागिने केले. भिलाईच्या कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार झाला तो याच वर्षी.

या पितळी दागिन्यांत धातूची किंमत ती काय? तरीही आज संग्रहालये ते जपून ठेवतात. ज्याला आपला सोनार घडणावळ म्हणतो, तेवढीच काय ती त्यांची किंमत आहे. चित्राचेही तसेच नव्हे काय? कापड आणि रंग यांच्या खर्चाने चित्राचे मोल कोणी ठरवीत नाही.

आता आपल्या घरी येऊ. नागपुरात १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे रोलरने रंग पसरीत आणि सुरीने खरवडीत. त्यांच्या चित्रातील प्रकाश हा त्या हत्यारांचाही प्रकाश आहे. अकोल्याचे अंबादास आणि कोकणातील प्रभाकर बरवे या दोघांनी सरकारी विणकर सेवा केंद्रात हातमागाच्या कापडासाठी नक्षीकाम केले. त्या नोकरीने त्यांची चित्रकला उणी झाली, असे कोणी म्हणू धजणार नाही. उपयोगाच्या वस्तूला आकार देणारा हात आणि चित्र काढणारा हात वेगळे नसतात, याला ही आपल्याच माणसांची साक्ष आहे.

किंबहुना अमूर्त कला आपल्या घरात चित्रकारांच्याही आधी आली ती दागिन्यांच्या डब्यातून. तुशी पाहा, बोरमाळ पाहा, जोंधळी पोत, बकुळीहार पाहा. बोरमाळ घडविणाऱ्याने बोराची नक्कल केली नाही. देठ सोडला, साल सोडली, सुरकुत्या सोडल्या; राखली ती केवळ गोलाई आणि एकामागून एक येणाऱ्या मण्यांची लय. बाह्य रूप वजा करीत आकाराच्या गाभ्याशी जाणे, यालाच चित्रकार अमूर्तीकरण म्हणतात. आधुनिक चित्र आम्हांला समजत नाही असे म्हणणाऱ्या आमच्या भगिनी कित्येकदा गळ्यात तेच लेवून बसलेल्या असतात! ज्या भूमीत आपण राहतो तेथील सुता, ऐंठी, नागमोरी यांतही हीच दृष्टी आहे. बस्तरचा घडवा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे दोरे वळवून ओतकाम करतो. साचा फोडावा लागतो, म्हणून एकासारखी दुसरी वस्तू होत नाही.

मग अडचण कोठे आहे? ती मोडीत आहे. जुना दागिना पेढीवर गेला, की तराजूत सोने चढते आणि घडणावळ शून्य होते. मुशीत गेल्यावर तुशी आणि तुटके कडे यांत भेद उरत नाही. वितळविणे म्हणजे काय, हे भिलाईकरांना सांगावयास नको. येथे तो रोजचा उद्योग आहे, आणि त्यातून देशाचे रूळ घडतात. परंतु भंगाराचा आकार गेला म्हणून कोणी हळहळत नाही. आजीच्या तुशीचा आकार गेला, तर तो पुन्हा कोठून आणणार? गावापासून शेकडो मैल दूर आलेल्या कुटुंबांत वाडा राहिला नाही, शेत राहिले नाही. कित्येकदा त्या घराची खूण म्हणून एवढा एक डागच उरला आहे.

गरज पडली तर सोने मोडावेच लागते. संसाराला ते कामी यावे म्हणूनच वडिलांनी ते केले. त्याबद्दल आम्ही कोणास दोष देणार नाही. आमची सूचना एवढीच, की मोडण्यापूर्वी त्या दागिन्याचे छायाचित्र घ्यावे, मुलांकडून त्याचे रेखाचित्र काढवून घ्यावे, आणि त्याचे नाव, तो कोणी कोणास घातला, कोणत्या गावी घडला, हे खाली लिहून ठेवावे. याच सिविक सेंटरमध्ये नेहरू आर्ट गॅलरी आहे. तेथे एखाद्या वर्षी आपल्या चित्रकारांची अमूर्त चित्रे आणि घराघरांतील ही रेखाचित्रे शेजारी शेजारी मांडता आली, तर आजच्या व्याख्यानाहून ते अधिक बोलके होईल.

चित्रही रंगविणारा आणि दागिनाही घडविणारा कलावंत आपल्यापुढे येईल, तेव्हा त्याला कोणते काम खरे, असे आपण विचारू नये. त्याच्या दागिन्याचे वजनही विचारू नये. घडणावळ पाहावी, आणि तिचे मोल मोकळ्या हाताने द्यावे.