कलमदानाचें वय

दसऱ्याला सरस्वतीपूजनाच्या वेळीं किंवा दिवाळींत वहीपूजनाच्या दिवशीं पुष्कळ घरांतून एक जुनी पेटी बाहेर निघते. तींत पितळी दौत असते, दोनचार झिजलेले बोरू असतात, एखादा टाक, रेघा आंखण्याचा लांकडी रूळ, लाखेचा अर्धवट जळलेला तुकडा आणि कोणाच्या तरी नांवाचा शिक्का असतो. हळदकुंकू वाहून झालें कीं मुलें विचारतात, "हें केव्हांचें?" आणि घरांतील वडीलधारें माणूस निःशंकपणें सांगतें, "पेशवाईंतलें." पूजा आटोपते, पेटी पुन्हा माळ्यावर जाते. पुढें केव्हां तरी घराची वाटणी होते. दौत एका भावाकडे, शिक्का दुसऱ्याकडे जातो, आणि उरलेलें पितळ मोडीत निघतें. आपल्या घराण्यांत कोण काय लिहीत होतें, याचा पुरावा अशा रीतीनें किलोच्या भावानें विकला जातो.

वास्तविक ह्या वस्तूंचें वय काढणें फार अवघड नाहीं. पारखीचे दोन नियम ध्यानांत ठेवले म्हणजे पुरे. पहिला नियम असा कीं, वस्तूच्या मूळ घडणींतील जो भाग सर्वांत अलीकडचा, त्याच्या आधीं ती वस्तु जन्माला आलेली नसते. दुसरा नियम असा कीं, झिजणारे व बदलतां येणारे भाग निराळे काढावे. बोरू झिजतो, निब गंजते, शाई संपते. त्यांच्यावरून पेटी केव्हां घडली तें कळत नाहीं, केव्हांपर्यंत वापरांत होती तें कळतें. बिजागरी, कुलूप आणि तळाचा सांधा यांच्याकडे मात्र बारकाईनें पाहावें.

बोरू, काजळ व डिंक यांची शाई आणि ओलीं अक्षरें सुकविण्याची बारीक वाळू, हें मोडी दप्तराचें जुनें साहित्य. पितळी दौतीचा घाट पिढ्यानुपिढ्या फारसा बदलला नाहीं. म्हणून नुसत्या घाटावरून तिचें वय सांगणें धाडसाचें होय. तिच्यावर नांव किंवा शक कोरलेला असला तर तो वाचावा. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन येतो. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या काळासाठीं ७९ मिळवावे. शके १७९५ म्हणजे १८७३-७४ हें वर्ष. मात्र भांडें घडल्यानंतर कितीहि वर्षांनीं त्यावर नांव कोरतां येतें. त्या सालीं दौत घरांत होती एवढेंच अशा लेखावरून सिद्ध होतें. ती त्याहून जुनी असूं शकते.

टाकाची गोष्ट निराळी आहे. पेशवाई १८१८ सालीं संपली. इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें यंत्राच्या दाबानें पोलादी निबा काढण्याचा धंदा त्यानंतर, १८२० च्या दशकांत, वाढीस लागला. जोसेफ गिलॉट यांनीं आपल्या सुधारणेचें पेटंट १८३१ सालीं घेतलें. अशी निब बसविण्यासाठींच केलेला टाक पेशवाईंतील असणें शक्य नाहीं. निबेच्या पाठीवर कारखानदाराचें नांव व अनुक्रमांक ठसविलेला असतो. तो साध्या भिंगानें वाचतां येतो.

विलायती वस्तूंवरील खुणा तर अधिक बोलक्या असतात. पत्त्यांतील चौकटसारखी आकृति आणि तिच्या कोपऱ्यांत अक्षरें व आंकडे, अशी खूण असली तर त्या वस्तूच्या नमुन्याची ब्रिटिश नोंदणी १८४२ ते १८८३ या काळांतील होय. १८८४ पासून ती खूण जाऊन नुसता नोंदणीक्रमांक येऊं लागला. १८८७ च्या ब्रिटिश कायद्यानें परदेशी माल इंग्रजी नांवाखालीं खपविण्यास आळा घातला, व हिंदुस्थानांतहि १८८९ सालीं त्याच धर्तीचा कायदा झाला. म्हणून 'मेड इन जर्मनी' अशीं अक्षरें असलेला चाकू किंवा दौत बहुधा त्यानंतरची समजावी. दौतीचें झांकण चांदीचें असून त्यावर चालता सिंह, नांगर व एक अक्षर असे बारीक ठसे असले, तर ती चांदी बर्मिंगहॅमला तपासलेली आहे. त्या अक्षरावरून वर्षहि ठरवितां येतें.

कांचेच्या दौतीची व शाईच्या बाटलीची परीक्षा बोटानें होते. सांच्याची उभी रेघ मानेशींच थांबत असेल, तर तिचा ओठ हातानें घडविलेला असण्याचा संभव असतो. रेघ थेट ओठावरून गेली असेल तर बाटली बहुधा यंत्राची. आपोआप बाटल्या करणारें ओवेन्स यांचें यंत्र विसाव्या शतकाच्या आरंभींचें आहे. पेटींत शाईच्या गोळ्यांचा डबा सांपडला तर छाप पाहावी. मुंबईंत दांडेकर बंधूंनीं शाईची पूड व गोळ्या करण्याचा स्वदेशी उद्योग १९३१ सालीं सुरू केला. पुढें तोच 'कॅमलिन' म्हणून घरोघर माहीत झाला.

फाउंटनपेनच्या बाबतींत रचनेवरून काळ कळतो. वॉटरमन यांचें पेटंट १८८४ चें. जुनीं पेनें बहुतेक एबोनाइटचीं, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराचीं, असत. उजेडानें त्यांचा काळा रंग तपकिरी होतो व तीं घासलीं असतां गंधकाचा वास येतो. अंगावरची लहान दांडी उचलून शाई भरण्याची सोय शेफर यांनीं १९१२ च्या सुमारास बाजारांत आणली, आणि १९२४ सालीं त्यांनींच रंगीत सेल्युलॉइडचें पेन काढलें. निब जवळजवळ झांकून टाकणारें 'पार्कर ५१' हें १९४१ चें.

टपालाचा लहान काटा असला तर त्याचीं वजनें तपासावीं. तोळा म्हणजे सुमारें ११.६६ ग्रॅम. भारतांत दशमान नाणीं १ एप्रिल १९५७ पासून आलीं, आणि मेट्रिक वजनें १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें लागू झालीं. तोळ्यांचीं वजनें किंवा आण्यांत छापलेली किंमत यांवरून वस्तु साधारणपणें त्या बदलापूर्वीची ठरते.

ह्या सर्व पुराव्याचा मोठा शत्रु घरांतच असतो. दरवर्षीं पूजेआधीं चिंच व राख लावून दौत लखलखीत केली जाते, आणि प्रत्येक वेळीं कोरलेलीं अक्षरें थोडींथोडीं पुसट होत जातात. तळाशीं वाळलेली शाई खरवडून काढली जाते. ती काजळाची होती कीं लोहयुक्त, हें मग कोणालाच सांगतां येत नाहीं. दौत कोरड्या मऊ फडक्यानें पुसावी, एवढें पुरे. एबोनाइटचें पेन ऊन पाण्यांत बुडवूं नये. त्याचा रंग जातो. सेल्युलॉइड लवकर पेट घेतें. तें समई-निरांजनापासून दूर ठेवावें.

समजा, एका पेटींत पितळी दौत व बोरू आहेत, गिलॉटची निब लावलेला टाक आहे, आणि तळाशीं दांडीचें फाउंटनपेन आहे. ती पेटी पेशवाईंतील ठरली नाहीं म्हणून घरच्यांनीं खट्टू होण्याचें कारण नाहीं. पणजोबांनीं बोरूनें मोडी खतें लिहिलीं असावीं, त्यांच्या मुलानें टाकानें इंग्रजी अर्ज लिहिले असावे, आणि नातवानें तें पेन खिशाला लावून कचेरी गांठली असावी. बरोबरचे कागद वाचून हा तर्क पडताळतां येतो; परंतु त्यासाठीं वस्तु व कागद एकत्र असले पाहिजेत. तीच दौत एकटी, दुसऱ्या घराच्या दिवाणखान्यांत शोभेला ठेवली, तर ती नुसतें जुनें पितळ होते.

म्हणून वाटणीपूर्वीं घरांतील भावंडांनीं एकत्र बसून पेटींतील प्रत्येक जिन्नसाची यादी करावी, छायाचित्र घ्यावें, आणि कोणती वस्तु कोण वापरीत असे हें वयोवृद्ध माणसांना विचारून शिसपेन्सिलीनें लिहून ठेवावें. ऐकीव माहिती व वस्तूवरील खूण यांची नोंद वेगवेगळी असावी. पेटी शेवटीं कोणाकडेहि जावो, त्या यादीची एक प्रत तिच्या झांकणाच्या आंत असावी आणि मोडी कागद तिच्याच बरोबर जावे. ते कागद वाचणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. तीं आहेत तोंवर हें काम उरकून घेणें बरें.