संसार कुणाचा, जग कुणाचं?

(सोलापुरात महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कायद्यावर बोलायचं ठरलं होतं. पण मी सुरुवात शब्दकोशांपासून करणार आहे. केस घ्यायला बसलं की कायद्याच्या आधी शब्दच आडवे येतात, हा आपला सगळ्यांचाच अनुभव आहे.

काही महिन्यांपूर्वी नवऱ्याने घराबाहेर काढलेली एक विडी कामगार बाई माझ्याकडे आली. मी विचारलं, "घरात तुमचं सामान काय काय आहे?" ती म्हणाली, "माझं काय असणार ताई? संसार त्यांचा." तरी आम्ही यादी करायला बसलो. भांडी माहेरून आलेली. शेगडी, पंखा, कपाट तिने विड्या वळून घेतलेलं. नवऱ्याच्या पैशातून आलेली म्हणून शेवटी एक सायकल निघाली. मग संसार त्याचा कसा?

हा प्रश्न डोक्यात घेऊन मी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडला. तो १८३१ साली निघाला, १८५७ मध्ये त्याची मोठी सुधारलेली आवृत्ती आली. ब्राह्मण पंडितांच्या मदतीने एका इंग्रज अधिकाऱ्याने केलेलं हे काम. म्हणजे शब्द गोळा करणारे पुरुष, सांगणारेही पुरुष. तरीही तिथे 'संसार'चा पहिला अर्थ आहे जग, माणसाचं या भूमीवरचं जगणं. मग येतात जगण्याचे उद्योग, व्यवहार, काळज्या. चूल आणि पाळणा त्या मोठ्या अर्थाच्या पोटात आहेत.

मग इंग्रजांचे स्वतःचे कोश 'जग' या शब्दाचं काय करतात? सॅम्युअल जॉन्सनचा कोश १७५५ चा. 'वर्ल्ड'चा पहिला अर्थ त्याने लॉक या तत्त्वज्ञाकडून घेतला: जे जे काही आहे, त्या साऱ्याची मिळून एक कल्पना. पुढे अर्थ आवळत जातात. पृथ्वी, सध्याचं जीवन, मठाबाहेरचं जीवन, सार्वजनिक जीवन, लोक, लोकांची रीत. आता विचारा, १७५५ साली सार्वजनिक जीवन कुणाला होतं? मताचा हक्क बाईला नव्हता, तिथल्या विद्यापीठांत प्रवेश नव्हता, लग्नानंतर मिळकत नवऱ्याची होत असे. कोश म्हणतो 'सगळे', मोजतो मात्र निम्मेच. त्या शब्दाचं मूळच पाहा. 'वर्ल्ड' बनला 'माणसाचं युग' अशा दोन जुन्या शब्दांतून, आणि त्यातला 'वेर' म्हणजे पुरुष. आपल्या 'वीर' शब्दाचा तो सख्खा भाऊ.

गंमत म्हणजे शेक्सपिअरच्या काळी इंग्रजीत 'जगात जाणं' याचा अर्थ होता लग्न करणं, आणि 'जगाची बाई' म्हणजे लग्न झालेली बाई. मठातली जोगीण जगाबाहेर, नवऱ्याची बाई जगात. म्हणजे आपल्या 'संसारात पडणं' याच्याशी हे किती जवळचं! पण 'जगातला पुरुष' म्हटलं की अनुभवी, जाणता. 'सार्वजनिक पुरुष' म्हणजे पुढारी आणि 'सार्वजनिक बाई' म्हणजे वेश्या. आपल्याकडे वेगळं काय आहे? चार गावचं पाणी प्यालेला गडी हुशार, तसलीच बाई वाईट.

सोलापूर तर चार भाषांचं गाव. कानडीत 'संसार' म्हणजे कुटुंब, आणि बायकोलाही 'संसार' म्हणतात. तेलुगूतही 'संसारम्' म्हणजे घरप्रपंच. मराठीत जुनी माणसं बायकोला 'आमचं कुटुंब' म्हणायची. म्हणजे ती स्वतःच संसार झाली. मालकीण झाली नाही. घराबाहेरचं ते जग, घरातला तो संसार, अशी वाटणी झाली. घरातल्या कामाला काम म्हणायचंही राहून गेलं. २०११ च्या जनगणनेत फक्त घरकाम करणारी बाई काम न करणाऱ्यांत मोजली गेली.

आणि 'जग काय म्हणेल?' या जगाचं काय? मी बायकांना आता सरळ विचारते, "जग म्हणजे कोण कोण? नावं सांगा." बहुतेक वेळा चार-पाच नावं निघतात. चुलत सासू, समोरची शेजारीण, जातीतले दोन पंच. जॉन्सनच्या कोशातलं ते अफाट जग प्रत्यक्षात एका बोळात मावतं. नावं मोजली की बाईची भीती थोडी कमी होते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आता कायदा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सांगतो की घर कुणाच्याही नावावर असो, जिथे ती नांदली तिथे राहण्याचा तिला हक्क आहे. स्त्रीधन परत करायचा आदेशही न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. पण 'संसार त्यांचा' म्हणणारी बाई अर्जात मागणार काय? म्हणून आधी यादी. आणि नावाची ताकद काय असते ते आपल्या कुंभारीला पाहा. गोदूताई परुळेकरांच्या नावाने महिला विडी कामगारांची दहा हजार घरं तिथे उभी राहिली, २००६ मध्ये ती कामगार बायकांच्या हाती आली. ती कुणी दान दिली नाहीत. संघटनेने लढून मिळवली.

त्या बाईच्या यादीची एक प्रत तिच्याकडे आहे, एक अर्जाला जोडली आहे. निकाल अजून लागायचा आहे. परवा ती आली तेव्हा म्हणाली, "ताई, त्या यादीत माझं शिलाई मशीन राहिलं." आम्ही ते लिहून घेतलं.