एका सोंगाड्याचे वेड



ज्या गावात केशवसुत जन्मले, त्या गावात बोलायला उभे राहायचे तर विषय भारदस्त हवा, असे आम्हांला मित्रांनी बजावले होते. मजुरावर आलेल्या उपासमारीवर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कविता लिहिणारा कवी या मातीतला. तेव्हा आम्ही कामगार चळवळीवरच बोलावे, ही अपेक्षा रास्त होती. परंतु आम्ही विषय दिला तो दादा कोंडके यांच्या वेडाचा. आमचे शिक्षण सहावीपर्यंत. पुढले सारे शिक्षण युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि चित्रपटगृहाच्या पहिल्या रांगेत झाले. या तिसऱ्या शाळेचे ऋण आम्ही आजवर चारचौघांत कबूल केले नव्हते. ते आज करतो.

दादा १९३२ साली नायगावात, गिरणगावाच्या ऐन पोटात जन्मले. बँड पथक, सेवादलाचे कलापथक, 'अपना बाजार'मधली नोकरी असे करीत ते वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यापर्यंत आले. हे लोकनाट्य १९६५ साली रंगभूमीवर आले. त्यातला हवालदार लिहिलेले तेवढेच बोलत नसे. सकाळी वर्तमानपत्रात आलेला मंत्री रात्री दादांच्या तोंडी सापडे. पुढे १९६९ साली भालजी पेंढारकरांचा 'तांबडी माती', १९७१ साली स्वतःचा 'सोंगाड्या', आणि मग लागोपाठ नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव. गिनेस बुकाने त्याची नोंद घेतली. ही झाली इतिहासाची बाजू. आता वेडाची बाजू ऐका.

आमचे वडील गिरणीत होते. लालबागला गणेशोत्सवात गल्लीत पांढरा पडदा बांधून चित्रपट दाखवीत. पडद्याच्या पुढे जागा मिळाली नाही तर आम्ही मागे बसत असू. त्यामुळे 'पांडू हवालदार' आम्ही प्रथम पाहिला तो उलटा. उजवा हात डावीकडे आणि डावा उजवीकडे. तरी हसून हसून पोट दुखले. त्या दिवसापासून आम्ही गेलो ते गेलोच. गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी आणि खाली लोंबणारी नाडी, या वेषात आम्ही दुकानात जात असू. आईने त्याबद्दल मारलेही. 'राम राम गंगाराम' किती वेळा पाहिला याच्या रेघा आम्ही चाळीच्या भिंतीवर कोळशाने ओढीत असू. सतरा रेघा झाल्यावर घरमालकाने भिंतीला चुना लावला.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. कोकणातल्या घरांची चूल मुंबईच्या मनिऑर्डरीवर पेटत असे. ती विझू लागली. आमची शाळा सुटली आणि आमची रवानगी एस.टी.ने गावी झाली. त्या वर्षी गणपतीला वडील आले ते दुसरेच कोणी वाटले. ओटीवर बसत, समुद्राकडे पाहत, विचारल्याशिवाय बोलत नसत. आरती झाल्यावर मुलांनी आम्हांला पुढे ढकलले. आम्ही दादांची चाल, दादांचे ते भोळे डोळे, हवालदाराचा तो दंडुका, सगळे करून दाखविले. वडील प्रथम खाली पाहत होते. मग त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते. कित्येक महिन्यांनी हसत होते. रात्री आम्हांला जवळ घेऊन एवढेच म्हणाले, "तो नायगावचा रे. आपल्यातलाच."

'आपल्यातलाच' या एका शब्दात आमच्या वेडाचे सारे कारण आहे. तमाशातला सोंगाड्या राजापुढे उभा राहतो, बावळट प्रश्न विचारतो, आणि उत्तर देता देता राजाच बावळट ठरतो. चार्ली चॅप्लिनने १९३६ च्या 'मॉडर्न टाइम्स'मध्ये यंत्राचे नट आवळता आवळता मालकशाहीचे जे हसे केले, त्याचीच ही देशी पाती. ज्याच्या हाती सत्ता नाही, त्याच्या हाती हसू असते. गेटसभेत तासभर आकडे सांगून जे होत नाही, ते साहेबाच्या एका नकलेने होते. कामगाराची भीती जाते. हे आम्ही दादांकडून शिकलो आणि तीस वर्षे वापरले. १४ मार्च १९९८ ला दादा गेले, त्या संध्याकाळी आमची एक सभा होती. आम्ही उभे राहिलो, पण शब्द फुटेना. सभा तहकूब करावी लागली.

आता कबुलीचा दुसरा भाग. तो अधिक कठीण आहे.

काही वर्षांपूर्वी काजू सोलणाऱ्या बायांची सभा होती. टरफलाच्या चिकाने त्यांच्या बोटांची कातडी गेलेली, मजुरी किलोवर. सभा रंगावी म्हणून आम्ही दादांच्या थाटाचा एक द्व्यर्थी विनोद केला. मागे उभे असलेले चार पुरुष हसले. बाया हसल्या नाहीत. सभा संपल्यावर एक वयस्क बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, असलं आम्ही दिवसभर मुकादमाकडून ऐकतो. तेच ऐकायला सभेला कशाला येऊ?"

आम्ही त्या रात्री झोपलो नाही. प्रथम राग आला. दादांवर कोणी बोट ठेवले की आम्हांला तो येतच असे. सेन्सॉरशी दादांचे खटके उडत, तेव्हा आम्ही डोळे मिटून दादांच्या बाजूने. परंतु पहाटे ध्यानात आले की बाईंनी दादांचे नावही घेतले नव्हते. त्यांनी आमची चूक दाखविली होती. कोतवालाला हसणारा विनोद आणि बाईला हसणारा विनोद एकाच तोंडातून येतो, तरी दोन्ही एक नव्हेत. पहिला वर पाहून केलेला असतो, दुसरा खाली पाहून. दादांच्या खजिन्यात दोन्ही होते, आणि आम्ही वेडाच्या भरात निवड न करता सारेच उचलले.

मंडळी, हे केवळ विनोदापुरते नाही. आम्ही पुढाऱ्यांचीही भक्ती अशीच केली. ज्याच्यावर जीव जडला त्याला प्रश्न विचारायचा नाही, ही आमच्या चळवळीची जुनी खोड. आणि ज्या सोंगाड्याने राजालासुद्धा सोडले नाही, त्याचे चाहते म्हणविणाऱ्यांनी प्रश्न विचारू नयेत, याहून मोठा विनोद तो कोणता? प्रेम कमी करू नका. डोळे मात्र उघडे ठेवा.

दुसऱ्या सभेत आम्ही त्या बायांची माफी मागितली. मग मुकादमाची नक्कल केली; तो कान वजन करताना तराजूवर करंगळी कशी ठेवतो, ती. यावेळी बाया हसल्या, आणि त्या वयस्क बाई सर्वांत मोठ्याने. वजनाच्या वेळी आपली एक बाई तराजूशी उभी राहील, ही मागणी त्याच सभेत ठरली.

आमचे वेड अजून गेलेले नाही. 'सोंगाड्या' लागला की आम्ही अजूनही पहिल्या रांगेत असतो. फरक इतकाच, की हसता हसता एकदा मागे वळून पाहतो, आपल्याबरोबर कोण हसत आहे आणि कोण हसत नाही.