खेळातले पाहुणे

नाटक मंडळ्या गावोगाव मुक्काम करीत त्या काळी जाहिरातीत नाटकाच्या नावाहून नटाचे नाव ठळक छापलेले असे. ह्यात प्रेक्षकाची फसवणूक होती असे मी म्हणणार नाही. तिकीट नटासाठी काढावे आणि घरी परतताना मनात नाटक घेऊन यावे, असाच तो व्यवहार होता. खेळांच्या दुनियेतही हा व्यवहार चालतो, आणि त्याचे एक नमुनेदार उदाहरण तळहातावर मावणाऱ्या एका यंत्रावर सापडते.

गेम बॉय हे ते यंत्र. गुनपेई योकोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडविले व जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८९ साली बाजारात आणले. चार छोट्या सेलवर चालणारे, हिरवट पडद्यावर गडद-फिक्या अशा चारच छटा दाखविणारे. ह्या यंत्रासाठी हडसन सॉफ्ट ह्या कंपनीने १९९४ साली ‘बाँबरमॅन जीबी’ नावाचा खेळ काढला. तोच खेळ पाश्चात्त्य देशांत गेला तेव्हा त्याचे नाव ‘वारियो ब्लास्ट’ झाले आणि बाँबरमॅनच्या शेजारी वारियो हा एक परका इसम येऊन उभा राहिला. हा वारियो निन्टेन्डोच्या घरचा. १९९२ साली मारियोच्या खेळात तो खलपुरुष म्हणून प्रथम अवतरला. जपानी भाषेत ‘वारुई’ म्हणजे वाईट. मारियोच्या नावाशी ह्या शब्दाची सांगड घालून त्याचे बारसे झाले. जपानी आवृत्तीत त्याचा पत्ताही नव्हता. तिकडे गिऱ्हाईक वारियोला अधिक ओळखते, असा विक्रेत्यांचा हिशेब असावा. खेळणाऱ्याने दोघांपैकी हवा तो निवडावा. खेळाचा गाभा तोच राहतो.

तो खेळ असा. पडद्यावर वरून पाहिलेला चौकोनी पट. ठराविक अंतरावर न फुटणारे ठोकळे, मधल्या जागांत फुटणारे. आपण बाँब ठेवायचा आणि दूर व्हायचे. काही क्षणांनी ज्वाळा आडव्या-उभ्या रेषेत चारी दिशांना धावते. तिरकी मात्र कधीच जात नाही. म्हणून एका ठोकळ्याआड वळले की जीव वाचतो. एकाची ज्वाळा दुसऱ्या बाँबला लागली की तोही तत्काळ फुटतो. शत्रूला ठोकळा आणि बाँब ह्यांच्या मधोमध कोंडणे हीच सारी विद्या. नवशिका बहुधा स्वतःलाच कोंडून घेतो! ह्याला कोडे म्हणावे तर विचाराला उसंत नाही, आणि मारामारी म्हणावी तर नेमबाजीला काम नाही. दोन्हींच्या सीमेवर हा खेळ उभा आहे, आणि त्याची गोडीही तेथेच आहे.

कोंडण्याची ही विद्या आपल्याला नवी नाही. म्हैसूरच्या पूर्वेस, सोमनाथपूरच्या होयसळ मंदिराच्या वाटेवर बन्नूर हे गाव लागते. सरकारी कामानिमित्त तेथे जाण्याचा योग मला आला. कर्नाटकात ‘आडु-हुली’ नावाचा जो खेळ आहे, तो म्हणजे आपला वाघ-बकरीचा. एका बाजूस तीन वाघ, दुसऱ्या बाजूस पंधरा शेळ्या. वाघ उडी मारून शेळी मारतो. शेळ्यांनी मिळून वाघांची वाट बंद करायची. ‘आडु’ म्हणजे शेळी. परंतु बन्नूरची ख्याती मेंढ्यांची. तेथील एका वृद्ध गृहस्थांनी मला पट समजावून दिला तेव्हा पंधराही सोंगट्यांना ते बेधडक मेंढ्या म्हणत होते. शेळ्या गेल्या, मेंढ्या आल्या. वाघाची कोंडी जशीच्या तशी.

म्हैसूरच्या राजवाड्यात हीच गोष्ट मोठ्या थाटाने घडली. गंजिफा हा पानांचा खेळ मोगलांबरोबर आला. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. मोगली संचात आठ रंग आणि ९६ पाने. आपल्याकडे त्यात विष्णूचे अवतार शिरले, आठांचे दहा रंग झाले, पाने १२० झाली; पण प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा ही मांडणी टिकली. म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) खेळांचे मोठे शौकीन. त्यांच्या ‘चामुंडेश्वरी छद’ ह्या संचात सोळा रंग आणि ३२० पाने आहेत! इतकी पाने हातात धरायची कशी, ह्याचे मला कौतुकमिश्रित भय वाटते.

येथे आणखी एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. जिने गेम बॉय विकला ती निन्टेन्डो कंपनी क्योटो शहरात १८८९ साली स्थापन झाली ती ‘हानाफुदा’ नावाची फुलांची खेळपाने बनविण्यासाठी. म्हणजे हा वारियोही अखेर पानेवाल्यांच्याच घरचा.

मात्र पानांत आणि यंत्रात एक मोठा भेद आहे. ‘वारियो ब्लास्ट’ची जुनी कॅसेट आज एखाद्या मुलाच्या हाती दिली, तर काही न सांगताही तो खेळ शिकेल, कारण नियम त्या कॅसेटमध्येच कोरलेला आहे, आणि चूक झाली की यंत्र लगेच दाखवून देते. गंजिफाचा नियम पानावर नसतो, तो माणसांत असतो. सावंतवाडीला शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी ह्यांनी १९७० च्या दशकात ही कला उचलून धरली म्हणून पाने वाचली. तो उपकार मोठा आहे. परंतु पुष्कळसे संच आज चित्रे म्हणून विकत घेतले जातात आणि शोभेच्या कपाटात जातात. चित्रातील मत्स्य-कूर्म सर्वांस ओळखू येतात; पण काही रंगांत दहाहून एक्का वरचढ ठरतो, हे किती घरांत ठाऊक असेल?

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक संचाबरोबर नियमांचे चार पानांचे मराठी टिपण असावे, आणि ज्यांनी संच घेतला आहे त्यांनी एक सुटीचा दिवस तो कपाटाबाहेर काढावा. तिघे जण बसावेत, प्रत्येकाला चाळीस पाने वाटावीत. खेळ दिवसा असेल तर रामाचा राजा कोणाकडे आला ते विचारावे, रात्री असेल तर कृष्णाचा. आणि ज्याच्याकडे तो असेल त्याने पहिली उतारी करावी.