मेंढीची खरेदी आणि नोंदवहीचे महत्त्व
(भाषणाचा मजकूर)



पिढ्यानपिढ्या मेंढ्या राखणारा धनगर किंवा कुरमार मेंढपाळ शंभरांच्या कळपातून आपली मेंढी चेहऱ्यावरून ओळखतो. ती कोणत्या मेंढीच्या पोटची, मागील पावसाळ्यात तिला कोणता आजार झाला होता, ती कितव्यांदा व्याली, हे सारे त्याच्या स्मरणात असते. कानाला घातलेली खाच किंवा पाठीवर लावलेला रंग एवढी खूण त्याला पुरते. परंतु जो शेतकरी आयुष्यात प्रथमच मेंढ्या विकत घेतो, त्याच्यापाशी ही स्मृती नसते. ती उणीव भरून काढणारे साधन एकच, आणि ते म्हणजे व्यवस्थित ठेवलेले कागद व नियमित लिहिलेली नोंदवही.

नागपूर जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. परंतु त्यांतील बहुतेक कळप पश्चिम व मध्य महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यात आहेत. विदर्भात शेळी घरोघरी दिसते, मेंढी क्वचितच. साहजिकच येथील नवा मेंढीपालक एकतर सांगली, सातारा यांसारख्या दूरच्या जिल्ह्यांतील बाजारांतून मेंढ्या आणतो, अथवा चराईच्या शोधात विदर्भात उतरणाऱ्या फिरस्त्या कळपांच्या मालकाकडून घेतो. दोन्ही वेळी विकणारा अनोळखी असतो आणि सौदा आटोपताच तो दूर निघून जातो. पुढे काही अडचण उद्भवली, तर त्याचा शोध केवळ कागदावरूनच लागू शकतो.

उदाहरणादाखल एक प्रसंग कल्पून पाहू. उमरेड तालुक्यातील एका तरुणाने वीस मेंढ्या व एक मेंढा विकत आणला. पावतीवर ‘मेंढ्या वीस, मेंढा एक’ एवढाच मजकूर आणि एकूण रक्कम. दोन महिन्यांनी रात्री बिबट्याने वाड्यात शिरून तीन मेंढ्या मारल्या. पंचनामा झाला, मेलेल्या मेंढ्यांच्या कानांतील बिल्ल्यांचे क्रमांक लिहून घेतले गेले. परंतु शासकीय नोंदीत ते क्रमांक अद्याप मूळ मालकाच्याच नावावर होते आणि पावतीवर एकही क्रमांक नव्हता. मेंढ्या त्याच्याच, वाडा त्याचाच, नुकसानही त्याचेच. मात्र ते सिद्ध करणारा एकही कागद त्याच्या हाती नव्हता. अभयारण्याच्या कडेला असलेल्या गावांत असा प्रसंग केव्हाही ओढवू शकतो.

या सर्व व्यवहाराच्या केंद्रस्थानी कानातील बिल्ला आहे. त्यावर बारा अंकी क्रमांक असतो आणि तो क्रमांक भारत पशुधन या संगणकीय प्रणालीत मालकाच्या नावासह नोंदलेला असतो. महाराष्ट्र शासनाने १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या पशुधनाच्या खरेदी-विक्रीस व वाहतुकीस प्रतिबंध केला. विक्रीसाठी ग्रामपंचायतीने द्यावयाच्या दाखल्यावरही हा क्रमांक नमूद करावयाचा आहे. नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्य प्राण्यांचा हल्ला यांत दगावलेल्या जनावरास बिल्ला नसेल, तर नुकसानभरपाई देय होत नाही, अशीही त्यात तरतूद आहे. म्हणजे हा बिल्ला मेंढीच्या जन्ममृत्यूच्या सर्व कागदांना एकत्र गुंफणारा धागा होय.

तेव्हा नव्या खरेदीदाराने कागदांचा क्रम कसा राखावा, ते पाहू.

सौदा ठरण्यापूर्वी विकणाऱ्याकडे त्याच्या गावच्या ग्रामपंचायतीचा दाखला मागावा. दाखल्यावरील क्रमांक व प्रत्यक्ष कानातील क्रमांक स्वतः वाचून ताडून पाहावेत. बारा अंकांतील एक अंक चुकला, तरी तो दाखला दुसऱ्याच मेंढीचा ठरतो. लसीकरण केव्हा झाले, विशेषतः पीपीआर, आंत्रविषार व देवी या रोगांवरील लसी टोचल्या आहेत किंवा कसे, याची लेखी नोंद घ्यावी. ‘सर्व टोचून झाले आहे’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

सौद्याच्या दिवशी प्रत्येक मेंढीसाठी पावतीवर एक ओळ असावी. तीत बिल्ल्याचा क्रमांक, नर की मादी, दात, म्हणजे दोनदाती की चारदाती, रंग व खुणा, गाभण असल्यास तसा उल्लेख आणि किंमत लिहावी. खाली विकणाऱ्याचे संपूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा, सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार असावेत. बाजार समितीच्या आवारात खरेदी झाल्यास समितीची पावती निराळी जपून ठेवावी. मालकी बदलाची नोंद प्रणालीत करून घेण्याचे काम ‘पुढे सवडीने’ यावर ढकलू नये. विकणारा समोर असतानाच त्याचा पाठपुरावा सुरू करावा.

प्रवासासाठी स्वतंत्र कागद लागतात. सांगलीहून नागपूरपर्यंतचा प्रवास सहा तासांहून कितीतरी अधिक आहे. अशा दीर्घ प्रवासात मेंढ्या-शेळ्यांसोबत पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र असणे प्राणी वाहतूक नियम, १९७८ नुसार आवश्यक आहे. त्या प्रमाणपत्राअभावी वाहतूकदाराने माल स्वीकारू नये, असेच हे नियम सांगतात. पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव-पत्ते आणि जनावरांची संख्या यांचीही नोंद गाडीसोबत असावी.

कळप गावी पोहोचला, की तो लगेच घरच्या शेळ्यांत मिसळू नये. सुमारे तीन आठवडे वेगळा ठेवावा आणि त्या काळातील ताप, हगवण, नाकातील स्राव यांची रोज नोंद करावी. नोंदवहीचे पहिले पान येथूनच सुरू होते. पुढील पानांवर लसीकरण, जंतनाशक, औषधोपचार, मेंढा लागल्याची तारीख, व्याल्याची तारीख, कोकरांची संख्या, विक्री आणि मृत्यू असे रकाने आखावेत. मेंढीचा गर्भकाल सुमारे पाच महिन्यांचा. मेंढा लागल्याची तारीख लिहिलेली असेल, तर व्याण्याच्या दिवसांत राखण करता येते आणि कोकरे वाचतात. कोणते कोकरू कोणत्या मेंढ्याचे, हे लिहिलेले असेल, तरच मेंढा केव्हा बदलावा हे समजते. अन्यथा नात्यातच पैदास होऊन कळप खुजा होत जातो.

विम्याच्या बाबतीतही हीच वही उपयोगी पडते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पशुधन विम्यातील लाभार्थीचा हप्त्याचा हिस्सा १५ टक्क्यांवर आणला आणि मर्यादा दहा पशुधन घटकांपर्यंत वाढविली. एका घटकात दहा मेंढ्या धरल्या जातात. मात्र दावा मंजूर होण्यासाठी बिल्ला, वेळेवर दिलेली सूचना व शवविच्छेदनाचा अहवाल यांची जुळणी व्हावी लागते. बिल्ला गळून पडला, तर नवा लावून घेऊन जुना व नवा असे दोन्ही क्रमांक वहीत लिहावेत आणि विमा कंपनीस कळवावे. वन्य प्राण्याने मेंढी मारल्यास पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरून हलवू नये व वन कार्यालयास विनाविलंब सूचना द्यावी.

नोंदीचा लाभ एका घरापुरता मर्यादित नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये इंग्लंडमध्ये लाळखुरकुताची साथ उघडकीस आली. तोपर्यंत उत्तरेकडील बाजारांतून विकल्या गेलेल्या मेंढ्यांबरोबर रोग देशभर पोहोचला होता. त्या काळी तेथे प्रत्येक मेंढीला स्वतंत्र क्रमांक नव्हता. कोणती मेंढी कोठून कोठे गेली, याचा माग काढणे अवघड झाले. साथ आटोक्यात येईपर्यंत ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. पुढे तेथे नवे जनावर आणल्यानंतर ठराविक दिवस इतर जनावरे हलविण्यास बंदी आली व मेंढ्यांच्या ने-आणीच्या नोंदी कठोर झाल्या. मोठी किंमत मोजून त्या देशाने शिकलेला हा धडा आपल्याला एका वहीच्या किमतीत घेता येण्यासारखा आहे. बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. आता २०३० पर्यंत पीपीआरचेही उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट जगापुढे आहे. कोणत्या मेंढीला लस मिळाली आणि कोणती राहिली, हे गावपातळीवर लिहिले गेले नाही, तर हे उद्दिष्ट गाठणे कठीण होईल.

या कामी गावातील प्रत्येकाचा वाटा आहे. पंचायत सदस्यांनी दाखला देताना बिल्ल्याचे क्रमांक प्रत्यक्ष पाहून लिहिले जातात की नाही, इकडे लक्ष द्यावे आणि दिलेल्या दाखल्यांची स्थळप्रत जतन करावी. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून अशा वहीचे रकाने आखून घ्यावेत. ज्या घरात वडिलांना लिहिता येत नाही, तेथे मुलगी वही लिहू शकते, आणि शाळेत शिकलेल्या बेरीज-वजाबाकीचा घरच्या कळपाशी मेळ बसतो. पशुधन विकास अधिकाऱ्यांनी खरेदीनंतर नव्हे, तर खरेदीपूर्वीच नव्या मेंढीपालकाची गाठ घ्यावी. नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयासारखी संस्था जवळ असताना मार्गदर्शनाची वाण पडण्याचे कारण नाही.

मेंढी हे गरिबाचे चालते धन आहे. पैसा पेढीत ठेवताना आपण पासबुकातील आकडा न चुकता तपासतो. चालत्या धनाचेही तसेच एक पासबुक असावयास हवे. खरेदीच्या दिवशी त्यात लिहिलेल्या बारा अंकांची ओळ त्या दिवशी कदाचित क्षुल्लक वाटेल. परंतु संकटाच्या सकाळी त्याच ओळीच्या आधारे त्या कुटुंबाला आपला हक्क मागता येईल.