तुळईचे चार वाटे

शनिवार पेठेतला आमचा वाडा १९६१ साली पानशेतच्या पुरातून वाचला. पण २०१९मध्ये पुनर्विकासात गेला. आम्ही चार भावंडं. वाट्यांवरून थोरल्या दादाचं आणि माझं इतकं बिनसलं, की करारावर सह्या करायलाही आम्ही वेगवेगळ्या वेळी गेलो.

वाडा पाडणारा ठेकेदार जुनं लाकूड आपल्या हिशेबात धरूनच बोली लावतो, हे मला ठाऊक नव्हतं. आयत्या वेळी पैसे मोजून माजघराची एक सागवानी तुळई मी सोडवून घेतली. तिला पाळण्याची कडी होती. आम्ही चौघंही त्या कडीखालीच वाढलो. तेव्हा मंडळी, आठवणीचं काही ठेवायचं असेल, तर पाडकामाआधी लेखी ठरवून घ्या.

तुळई मी ओळखीच्या सुतारकाकांकडे नेली. खिळ्यांचं लाकूड वखारीत यंत्राच्या करवतीवर कुणी चढवत नाही. एक खिळा पात्याचे दात मोडतो. काकांनी लोहचुंबक फिरवून खिळे हुडकले, एकेक करून उपटले. मग रंधा फिरला आणि चुलीच्या काजळीखालून सोनेरी साग वर आला.

"सागाच्या अंगातच तेल असतं. वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही," काका म्हणाले. "आणि इतकं मुरलेलं लाकूड आता सहजी वाकायचं नाही."

मला चौघांसाठी चार एकसारख्या, चकचकीत पेट्या हव्या होत्या. काका हसले. "भोकं बुजवून पॉलिशच मारायचं, तर नवीन लाकूड काय वाईट? रोज हाताळली जाईल अशी वस्तू करा."

ते पटलं. ताईसाठी जुनी पत्रं ठेवायला पेटी केली. धाकटीसाठी पोळपाट-लाटणं, त्याला पॉलिश नाही, कारण ते रोज पिठाला लागणार. खिळ्यांच्या गंजाचे काळे डाग तसेच ठेवले.

उरला कडीचा तुकडा. तो एकच होता, आणि खरं सांगतो, मला तो माझ्यासाठी हवा होता. तुळई मी सोडवली होती, पैसे माझे होते. मनाशी तसं ठरवूनही टाकलं होतं. ताईला फोनवर हे सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आपल्या तिघांच्या पाळण्याची दोरी कुणी ओढली रे?"

दादानेच. आई स्वयंपाकात असायची, आणि शाळेतून आला की दादा पाळण्यापाशी बसायचा.

काकांनी त्या तुकड्याचं खुंटाळं केलं, मधोमध तीच कडी ठेवून. मी स्वतः गेलो नाही. पुतण्याच्या हाती पाठवलं. माझ्या वाट्याला चष्म्याची डबी आली.

आठ दिवसांनी फोन वाजला. पलीकडे दादा. चार वर्षांनी आवाज ऐकत होतो.

"कडी आता करकरत नाही. तेल घातलंस का?"

"काकांनी घातलं."

"हं. करकरायची तेव्हा तू लवकर झोपायचास."

वाट्यांचा हिशेब अजून मिटायचा आहे. पण येत्या रविवारी दादाकडे जेवायला बोलावलंय. पिशवी कुठे अडकवायची, ते मला माहीत आहे.